मधसूर्जाचं कूळ

30 जानेवारी 1948 ला कुमार गंधर्व माळव्यातल्या देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे, कोरड्या हवेसाठी. क्षयानं फुप्फुस धरलं होतं आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. मुंबईत देवधर मास्तरांकडे तयार झालेला, पोरवयातच नाव काढलेला हा गवई पुढची काही वर्षं खाटेवर पडून नुसता ऐकत राहिला. कानावर पडे ते माळव्यातल्या बायकांचं गाणं, लग्नाकार्यातलं, सणावारांचं. या धुनांत सूर चार-पाचच, पण चलन पक्कं. कुठं थांबायचं आणि कुठला सूर नुसता शिवून सोडायचा, हे गाणारीला कुणी शिकवलेलं नसतं.

धूनउगम, म्हणजे धुनेतून उपजलेल्या, रागांचं कूळ हे. दोन राग जोडून तिसरा करण्याची रीत जुनीच. कुमारजींनी धुनेतच दडलेला राग हुडकला. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे कितीतरी. मधसूर्जा त्यातलाच, भर दुपारचा. त्याच्या बंदिशीत बळी द्यायला नेलेली बकरी देवीआईला आळवते आहे, घरी तिचं पिल्लू आहे. कुमारजींचं घर ‘भानुकुल’ देवासच्या माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, हे ठाऊक असलं की ती दुपार आणखी तापते.

असं सुरांतून चित्र उभं करायचं म्हटलं की फ्रेंच पियानोचं नाव आधी निघतं. संगीतकार दब्युसीनं 1903 मधल्या ‘एस्तांप’ या पियानोसंचाच्या शेवटच्या तुकड्यात पावसातली बाग रंगवली. बारीक सुरांचा मारा थांबतच नाही आणि त्याच्या आत फ्रेंच पोरांची दोन गाणी आहेत, त्यातलं एक अंगाईगीत. पण लोकगीत त्यानं लोकगीत म्हणूनच ठेवलं, वर पाऊस पाडला. कुमारजींकडे धून जशीच्या तशी उरत नाही. तिच्या चालण्यातून आरोह-अवरोह ठरतात, आलापीला जागा होते, मग बंदिश येते. चित्र मला बंदिशीच्या शब्दांपेक्षा या चालण्यात जास्त दिसतं.

1965 साली ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह छापून आल्या. नव्या रागांची गरज काय, असं तेव्हा विचारणारे होतेच. माळव्यातल्या बायका ते आधीपासून गात होत्या, तर नवे कसे?