फौजदाराने वर्दी उतरवली तेव्हा

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत आमच्यातली एक जण म्हणाली, "सून पोलिसात आहे, आता नोकरी सोडते म्हणते. खाकी कोणी सोडतं का?" आम्ही सगळ्या गप्प. भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणाऱ्या मुली आपण रोज बघतो. मिळालेली वर्दी परत करायची म्हणजे पिकते शेत विकल्यासारखेच. म्हणून आज आपल्याच सोलापूरची एक जुनी हकिगत सांगतो.

सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म 1941 चा, सोलापूरचा. दलित कुटुंब, घरची गरिबी. 1957 साली ते सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाले म्हणून लागले. साहेबाची घंटा वाजली की उठायचे, आणि नोकरी सांभाळून शिकायचे. दयानंद कॉलेजातून पदवी घेतली. कोर्टातली आठ वर्षे संपली आणि 1965 मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले, म्हणजे आपल्या बोलीत फौजदार. पट्टेवाल्याचा फौजदार झाला! एखाद्याने इथेच समाधान मानले असते.

त्यांनी 1971 मध्ये राजीनामा दिला. शरद पवारांनी राजकारणात बोलावले होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. त्या रात्री घरात काय बोलणे झाले असेल, ते प्रत्येकीने आपापल्या घरावरून ओळखावे.

पुढचे वर्ष 1972 चे. ते आठवले की आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून सुस्कारा सोडतात. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि मुलांच्या हातात सुकडी. नेमक्या त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक झाली आणि शिंद्यांना उमेदवारी मिळालीच नाही. नोकरी गेलेली, आमदारकीही नाही. शिंदे मोठे झाले तो भाग सगळे सांगतात, पण ही मधली वर्षे कोणी फारशी सांगत नाही. आम्हाला मात्र तीच महत्त्वाची वाटतात.

1974 मध्ये करमाळ्यातून ते आमदार झाले, मग राज्यमंत्री. 2003 मध्ये मुख्यमंत्री आणि 2012 मध्ये देशाचे गृहमंत्री. एकेकाळी वरिष्ठांना सॅल्यूट ठोकणाऱ्या फौजदाराला आता पोलीस महासंचालक सॅल्यूट करू लागले. पण याच सोलापुरातून 2014 आणि 2019 मध्ये ते लोकसभेला हरले, हेही सांगायला हवे. दर पाच वर्षांनी लोकांपुढे परीक्षा. पगाराच्या नोकरीत असे नसते.

आता त्या सूनबाईंचे. आम्ही चौकशी केली. सरकारी नोकरीत नुसता राजीनामा दिला, तर आधीची सेवा पेन्शनला धरत नाहीत. वीस वर्षे भरल्यावर स्वेच्छानिवृत्ती मागितली, तर गोष्ट वेगळी. 2005 च्या नोव्हेंबरनंतर लागलेल्यांचे पेन्शनचे नियम आणखी निराळे आहेत, ते कार्यालयातूनच लेखी विचारून घ्यावेत. सूनबाईंची सेवा बारा वर्षांची.

हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आठ वर्षं थांब म्हणायचं तिला?" आम्ही विचारले, सोडून करणार काय ती? तर म्हणाल्या, "ते मी विचारलंच नाही."

पुढच्या बैठकीला सूनबाईंना रजा मिळाली, तर त्या स्वतः येणार आहेत.