प्लास्टिकबंदीचे नियम ठरतात कसे? उद्योगांच्या संघटना त्यात काय करतात?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईची उपनगरं बुडाली. नाले तुंबवणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांवर बोट ठेवलं गेलं. २००६ च्या नियमांनी राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली.

याच उपनगरांत, अंधेरी पूर्वेच्या मरोळ एमआयडीसीत, ऑल इंडिया प्लास्टिक्स मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं कार्यालय आहे. प्लास्टिक उत्पादकांची ही संघटना १९४५ पासूनची.

प्लास्टिकचा हवामानाशी काय संबंध?

प्लास्टिक मुख्यतः खनिज तेल आणि वायूपासून बनतं. 'ओईसीडी'नुसार २०१९ मध्ये जगातल्या हरितगृह वायूंपैकी ३.४ टक्के प्लास्टिकच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतच्या प्रवासातून आले. त्यामुळे पिशवीवरचा नियम हा फक्त कचऱ्याचा प्रश्न उरत नाही.

संघटना नेमकं काय करते?

दोन-चार मशीन असलेल्या कारखानदाराला एकट्याने मंत्रालयात किंवा कोर्टात जाणं परवडत नाही. ते काम संघटना करते. निवेदनं देणं, मसुद्यावर हरकती नोंदवणं, अधिकाऱ्यांना भेटणं आणि गरज पडली तर याचिका करणं.

२०१८ मध्ये काय झालं?

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. दंड ५ हजारांपासून, तिसऱ्या गुन्ह्याला २५ हजार आणि ३ महिन्यांपर्यंत कैद. हजारो रोजगार जातील, असं उद्योगाचं म्हणणं होतं. उत्पादक हायकोर्टात गेले, पण एप्रिलमध्ये कोर्टाने बंदीला स्थगिती नाकारली. २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. मात्र काही दिवसांतच किराणा दुकानांतल्या सुट्या मालाच्या पॅकिंगला अटींसह सवलत मिळाली.

म्हणजे बंदी टळली नाही, पण तिचा आकार बदलला. खरी ओढाताण तपशिलांवर होते : किती मायक्रॉन, कधीपासून, सूट कोणाला, खर्च कोणाचा? केंद्रानेही पिशवीची किमान जाडी टप्प्याटप्प्याने वाढवली. सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० मायक्रॉन. जाड पिशवी पुन्हा वापरता येते, गोळा करणंही सोपं. पण प्रत्येक पिशवीला कच्चा माल जास्त लागतो.

पुढचा वाद कशावर?

मुळात नवं प्लास्टिक किती बनवायचं, यावर. २०२४ मध्ये बुसानला जागतिक प्लास्टिक कराराच्या वाटाघाटींत भारताने उत्पादनावर मर्यादा घालायला विरोध केला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातली फेरीही कराराविना संपली.

सामान्य माणसाला काय करता येतं?

केंद्राच्या पर्यावरण नियमांचा मसुदा निघाला की हरकतींसाठी साधारण ६० दिवस मिळतात. ही मुदत फक्त उद्योगांसाठी नसते. दर पावसाळ्यात ज्यांच्या घरात नाल्याचं पाणी शिरतं, त्यांनाही याच मुदतीत आपलं म्हणणं लेखी मांडता येतं.