धोतऱ्यापासून फवाऱ्यापर्यंत

पुण्यात पडीक जागी धोतरा हमखास उगवलेला दिसतो. महाशिवरात्रीला तो शंकराला वाहतात. वनस्पती विषारी, तरीही तिच्या वाळलेल्या पानांचा धूर दम्यावर ओढण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. १८०२ च्या सुमारास तो मद्रासहून इंग्लंडात पोचला आणि पुढे शंभरावर वर्षे युरोपातील रोगी धोतऱ्याच्या सिगारेटी ओढत राहिले. मात्रा ठरवता येत नसल्याने हा उपाय धोक्याचाच होता. पण त्यामागची कल्पना मोलाची होती : औषध पोटातून नव्हे, थेट श्वासनलिकेत पोचवावे.

दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकांभोवतीचे अनैच्छिक स्नायू आवळतात आणि नलिकांच्या अस्तराला दाह होऊन सूज येते, चिकट कफ साचतो. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढचा सारा इतिहास त्याभोवतीच फिरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात मिळवले. त्याने आवळलेले स्नायू सैल होत, पण हृदयही धडधडू लागे. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी याचा उलगडा केला : ॲड्रेनॅलिन पेशींवरील ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ अशा दोन प्रकारच्या ग्राहींवर काम करते.

१९५६ साली अमेरिकेत मोजकी मात्रा देणारा पहिला पंप विक्रीला आला. रायकर या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारले होते, की केसांच्या फवाऱ्यासारखे दम्याचे औषध का मिळू नये? उपकरण उत्तम, पण त्यातील ॲड्रेनॅलिन व आयसोप्रेनॅलिन ही औषधे हृदयालाही उत्तेजित करीत. १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याचे मृत्यू अचानक वाढले. दोष तीव्र मात्रेच्या औषधाचा, की पंपावर विसंबून डॉक्टरांकडे उशिरा जाण्याचा, हा वाद बराच काळ चालला.

१९६७ मध्ये बीटा ग्राहींचेही दोन प्रकार असल्याचे दिसून आले : हृदयात मुख्यतः बीटा-१, श्वासनलिकांत बीटा-२. इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या गटाने ॲड्रेनॅलिनच्या रेणूत फेरफार करून मुख्यतः बीटा-२ वर काम करणारे साल्ब्युटामॉल घडवले. ते १९६९ मध्ये बाजारात आले. भारतात असे पंप रुजवण्यात मोठा वाटा ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीचा आहे.

साल्ब्युटामॉल ग्राहीला चिकटले, की पेशीत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, कॅल्शियम घटते आणि स्नायू सैलावतो. आराम पाच मिनिटांत सुरू होतो व चार ते सहा तास टिकतो. फवाऱ्याच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट! म्हणजे ‘पंप फार कडक, त्यापेक्षा गोळी बरी’ हा समज उलटा आहे. हात कापणे, धडधड आणि जास्त मात्रेने रक्तातील पोटॅशियम घटणे हे मात्र त्याचे दुष्परिणाम होत.

पण खरा धोका वेगळाच आहे. साल्ब्युटामॉल स्नायू सैल करते, दाह शमवत नाही. बरे वाटते आणि आत सूज वाढत राहते. त्यासाठी श्वासावाटे घ्यायची स्टिरॉइडे १९७२ पासून उपलब्ध आहेत. २०१९ पासून तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की बारा वर्षांवरील दमेकऱ्याने केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबू नये.

वर्गातील एखाद्या मुलाला आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा पंप लागत असेल, तर ते ‘पंपाची सवय’ लागल्याचे लक्षण नव्हे. दमा आटोक्यात नसल्याचे आहे. पालकांना तसे जरूर सांगावे. आणि त्या मुलाचा पंप कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवू नये. तो त्याच्या दप्तरात असावा.