विप्रोचं मूळ आमच्या अमळनेरात

अझीम प्रेमजींच्या दानाचे मेसेज ग्रुपवर सारखे फिरतात. त्यात बंगळुरू असतं, अमळनेर नसतं. म्हणून ही पोस्ट.

1945 साली त्यांचे वडील महंमद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स कंपनी काढली, कारखाना आमच्या गावात. वनस्पती तूप आणि 787 साबण. 'विप्रो' हे त्याच लांबलचक नावाचं आखूड रूप.

1966 ला वडील गेले. अझीमभाई तेव्हा स्टॅनफर्डला, वय 21. शिक्षण सोडून परत आले. भर सभेत एका भागधारकाने सुनावलं, तुमच्याने जमणार नाही, शेअर विकून मोकळे व्हा. त्यांनी विकले नाहीत. जनता सरकारच्या काळात आयबीएम देश सोडून गेली, आणि या तूपवाल्यांनी कॉम्प्युटरमध्ये हात घातला!

गावात कित्येक घरांत शेअर होते. आमच्या आजोबांनी आत्याच्या लग्नात विकले. आई अजून बोलून दाखवते.

2001 ला फाउंडेशन सुरू झालं. 2019 पर्यंत त्यासाठी दिलेली संपत्ती 1 लाख 45 हजार कोटींची. मला आकड्यापेक्षा मोठं वाटतं ते वेगळंच. मुख्य भर सरकारी शाळा आणि तिथल्या शिक्षकांवर ठेवला. आपण मात्र पट कमी म्हणून झेडपीच्या शाळा बंद करायच्या गप्पा मारतो.

त्या कारखान्यात राबलेले जुने कामगार कोणाच्या ओळखीत असतील तर कळवा. भेटायला येतो.