शीर्षकपृष्ठावरील दुसरे नाव

नेमावरच्या घाटावरून खातेगावच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांना काळी जमीन पसरलेली दिसते. नेमावर हा होळकर राज्याचा एक जिल्हा. त्याच राज्याच्या राजधानीत, इंदुरास, 1924 साली आल्बर्ट हॉवर्ड यांच्या संचालकत्वाखाली वनस्पति-उद्योग संस्था सुरू झाली. संशोधनाचा विषय कापूस. परंतु जमिनीतच कस नसेल तर सुधारित वाण घेऊन काय करायचे, या विचारातून कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ आकारास आली. पऱ्हाट्या, काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, तीनदा उलथावयाचे. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार.

यावरील ग्रंथ 1931 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. शीर्षकपृष्ठावर नावे दोन आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ. कुजण्याच्या क्रियेत कर्ब व नत्र यांचा मेळ कसा राखावा, हा रसायनाचाच प्रश्न. पद्धतीचा प्राण तोच, असे आम्ही मानतो. हॉवर्डांनी त्यांना सहलेखकत्व दिले, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे. पुढे 1940 साली हॉवर्डांचा स्वतंत्र ग्रंथ आला, 1942 पासून अमेरिकेत रोडेल यांच्या मासिकाने त्या विचारांचा प्रसार केला, आणि दुसरे नाव मागे पडले. आम्ही माळव्यातले, तरी वाडांचे नाव आम्हांस उशिराच कळले. संस्थेच्या जागी आज इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे आहे.