अमृता शेरगिल: अजिंठ्याआधी आणि अजिंठ्यानंतर

अजिंठा पाहिला आणि अमृता शेरगिलची कला भारतीय झाली, असे पुष्कळदा लिहिले जाते. लेणी आपल्या महाराष्ट्रातली, त्यामुळे हे वाचून बरे वाटते. पण तिची पत्रे आणि चित्रांची साले एकत्र लावली की क्रम निराळाच निघतो.

१९३४चा सप्टेंबर. पॅरिसमधले शिक्षण संपत आलेले. आदल्याच वर्षी तिथल्या 'सालों' या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक मिळालेले. भारतात परतण्यावरून घरच्यांशी तिचा वाद चालू होता. त्या महिन्यात तिने हंगेरीहून आईवडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. अजिंठ्याचे एखादे भित्तिचित्र किंवा पॅरिसच्या गिमे संग्रहालयातले एखादे लहानसे शिल्प आपल्याला अख्ख्या रेनेसाँसहून मोलाचे वाटते, असे ती त्यात ठासून सांगते. हे लिहिणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीने अजिंठा अजून पाहिलेला नव्हता!

वर्षअखेर ती परतली. १९३५ साली 'तीन मुली', 'डोंगरी स्त्रिया', 'डोंगरी पुरुष' ही चित्रे झाली. सपाट रंगक्षेत्रे, ठाम बाह्यरेषा, शेजारी असूनही एकमेकींकडे न पाहणाऱ्या मुली. यात फ्रेंच चित्रकार गोगँचा अभ्यास दिसतो, आणि भारतीय माणसांकडे पाहण्याची तिची स्वतःची नजरही. 'तीन मुली'ला १९३७मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पदकाचे साल अजिंठ्यानंतरचे, चित्र मात्र आधीचे. घोटाळा बहुधा इथेच होत असावा.

१९३६च्या अखेरीस ती चित्रकार बरदा उकील यांच्यासह मुंबईत आली. ताजमहाल हॉटेलात प्रदर्शन झाले आणि कार्ल खंडालावाला या वकील-कलासमीक्षकाशी स्नेह जुळला. तिथून वेरूळ, अजिंठा. भारतात आल्यापासून प्रथमच दुसऱ्या कुणाच्या कामातून काही शिकले, असे तिने त्या सुमारास घरी कळवले. माझ्या मते सगळ्या पत्रव्यवहारातला हाच सर्वांत महत्त्वाचा पुरावा. इतकी मानी चित्रकार असे सहजासहजी लिहीत नाही. पण त्यात शिकल्याचा आनंद आहे, दृष्टी पालटल्याची कबुली नाही.

पुढे दक्षिणेचा प्रवास झाला, मट्टनचेरीच्या राजवाड्यातली भित्तिचित्रे पाहून झाली. सिमल्याच्या घरी परतल्यावर १९३७मध्ये 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय खेडूत' ही चित्रे उतरली. 'ब्रह्मचारी'मधली सावळी अंगे, शुभ्र धोतरे आणि आकृत्यांची गुंफण पाहिली की अजिंठ्याने काय दिले ते कळते: अनेक माणसे एका चौकटीत बांधण्याची रीत.

हा पत्रांचा पुरावा एकांगी आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. ती १९३८मध्ये हंगेरीत असताना तिला आलेली बरीच पत्रे आईवडिलांनी जाळून टाकली. त्यावरचे तिचे दुखावलेले पत्र वाचवत नाही. तिने इतरांना लिहिलेली पत्रे मात्र ती मिळालेल्यांनी जपली म्हणून उरली. भाचा विवान सुंदरम यांनी ती २०१०मध्ये दोन खंडांत आणली.

५ डिसेंबर १९४१ला लाहोरमध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. अजिंठ्याने तिला घडवले नाही. स्वतःच्या वाटेने आलेल्या चित्रकर्तीला त्याने रचना शिकवली. लेण्यांचे हे श्रेयही लहान नाही.