घाटमाथ्यावरील मंडळी आणि पवित्र शास्त्रातील समुद्र

पवित्र शास्त्राचा आरंभ अथांग जलांवरील अंधाराच्या वर्णनाने होतो, आणि त्याच्या शेवटच्या ग्रंथात, नव्या पृथ्वीच्या दर्शनात, समुद्र आता उरलेला नाही असे सांगितले आहे. या दोहोंच्या दरम्यान तांबडा समुद्र, योनाचे तारू, गालीलातील वादळ आणि पौलाच्या जहाजाचा नाश येतो. हे उतारे बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या सीमाभागात वाचून दाखविले जातात तेव्हा ऐकणारे लोक भात, ऊस व तंबाखू पिकविणाऱ्या भूमीचे असतात. समुद्र हा त्यांच्या नित्य अनुभवाचा विषय नाही. मात्र हा शब्द त्यांच्या मराठीत फार पूर्वीपासून आहे आणि त्याला स्वतःचे अर्थ आहेत. त्या अर्थांचा इतिहास धर्मसेवकांनी ध्यानात घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

घाट आणि बंदर

हा प्रदेश समुद्रापासून दूर असला तरी त्याला सर्वस्वी परका नाही. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेस वाहत जाऊन कृष्णेला मिळते. तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेस उतरते व गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रास मिळते. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे जवळचे बंदर वेंगुर्ला हे होते. तेथून घाटवाटांनी माल वर येई. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बेळगाव रेल्वेने जोडले गेले व पुढे मुरगाव बंदराशीही त्याचा संबंध जुळला.

ख्रिस्ती श्रद्धाही या भागात दोन दिशांनी आली. पश्चिमेकडून, पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यातून, अनेक ख्रिस्ती कुटुंबे घाट चढून आली. पूर्वेकडून १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून बेळगावास आले. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही येथेच झाला. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात घाटमाथ्याचे स्थान असे आरंभापासूनचे आहे.

तरून जावयाचा समुद्र

या प्रदेशातील श्रोत्याच्या मनात समुद्राची पहिली प्रतिमा उभी राहते ती भवसागराची. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत भक्ताला मृत्यूरूप संसारसागरातून वर काढण्याचे अभिवचन देतो. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माया ही दुस्तर नदी आहे आणि ती कोणत्या साधनाने ओलांडता येते याचे विस्तृत रूपक आहे. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पांडुरंगाष्टकात विठ्ठलाच्या कटीवरील हातांचा अर्थ सांगितला आहे: माझ्या भक्तांसाठी भवसागर एवढाच, कमरेइतकाच खोल आहे. पंढरीची वारी या सीमाभागातूनही जाते. म्हणून ही प्रतिमा येथे केवळ ग्रंथात राहिलेली नाही, ती लोकांच्या ओठांवर आहे.

दुसरी प्रतिमा निषेधाची. बौधायन धर्मसूत्राने समुद्रयानाची गणना पतनास कारण होणाऱ्या कृत्यांत केली. उत्तरकालीन धर्मशास्त्रकारांनी हा निषेध अधिक दृढ केला. समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे, असा अर्थ एकोणिसाव्या शतकापर्यंत उच्चवर्णीय समाजात जिवंत होता.

समुद्र ओलांडून आलेले लेखक

आपल्या वाङ्मयाचा एक आद्य लेखक प्रत्यक्ष समुद्रातून आला होता. इंग्लंडचे जेज्विट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली एप्रिल महिन्यात लिस्बनहून निघाले व ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी आपल्या पित्यास लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळील निर्वात उष्मा, पाण्याची टंचाई, हिरड्या सुजवणारा रोग आणि सहप्रवाशांचे मृत्यू यांचे वर्णन त्यात येते. पूर्व-पश्चिम प्रवासात दिशा ठरविण्यास आकाशात स्थिर बिंदू नाही, हे ते पित्यास समजावून सांगतात. हिंदुस्थान जवळ आल्याच्या खुणाही ते नोंदवितात: प्रथम पक्षी, मग पाण्यावर तरंगणाऱ्या ताडाच्या फांद्या, मग पोहणारे सर्प.

याच स्टीफन्स यांनी पुढे सुमारे चाळीस वर्षे गोव्यात, मुख्यतः सासष्टीत, सेवा केली आणि १६१६ साली रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी पुराणाची रचना स्वीकारली आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्दही योजला. येथे आम्हांस एक गोष्ट लक्षणीय वाटते. ज्याने समुद्राचे खरे भय पाहिले होते, त्याने आपला संदेश अशा भाषेत मांडला, जिच्यात समुद्र म्हणजे प्रामुख्याने संसार. लोकांचा शब्द त्यांनी टाकून दिला नाही. त्याला नवी कथा दिली. आपल्या उपदेशाची परंपरा तेथून सुरू होते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. त्यांनी १८८३ साली आपली लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन इंग्लंडला प्रयाण केले. शास्त्रांत पारंगत असलेल्या या ब्राह्मण विधवेने निषिद्ध समुद्र ओलांडला आणि त्या प्रवासाचे वृत्त मराठीत लिहिले. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे इब्री व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

शास्त्र काय सांगते

शास्त्रातील समुद्र भवसागराहून वेगळा आहे. तो भयंकर आहे, पण तो देवाने निर्माण केलेला आहे. ईयोबाच्या ग्रंथात देव त्याला दारे व अडसर लावतो. एकशे सातव्या स्तोत्रात व्यापारासाठी तारवातून जाणारे लोक त्याच समुद्रावर देवाची कृत्ये पाहतात. निर्गमात लोक समुद्रातून पार होतात हे खरे. परंतु पलीकडे त्यांना संसारातून सुटका मिळत नाही. तेथे अरण्य आहे, आज्ञा आहेत, आणि एकमेकांबरोबर राहण्याचे कठीण कर्तव्य आहे.

गालीलच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. मार्क ज्याला समुद्र म्हणतो त्याला लूक सरोवर म्हणतो. तो जलाशय सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद आहे, आणि भोवतालच्या डोंगरांतून त्यावर अकस्मात वारा उतरतो. ज्यांनी घटप्रभेवरील हिडकलचा जलाशय पाहिला आहे त्यांना असे सरोवर समजावून सांगणे अवघड नाही. त्या वादळात प्रभू शिष्यांना नावेतून उचलून नेत नाही. तो स्वतः त्यांच्याच नावेत असतो, आणि वादळ शमल्यावर त्यांना पलीकडे एका पीडित मनुष्याकडे नेतो.

महापूर आणि उपदेश

या भेदाचे महत्त्व केवळ पांडित्याचे नाही. सीमाभागातील मनुष्याला अथांग जलाचा अनुभव समुद्राने दिला नाही, तो नद्यांनी दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा व मलप्रभा यांना महापूर आला. बेळगाव जिल्ह्यात घरे, जनावरे व उभी पिके गेली, आणि पुणे–बेंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. एकोणसत्तराव्या स्तोत्रातील गळ्यापर्यंत पाणी आलेल्या मनुष्याची हाक तेथे रूपक राहिली नव्हती.

अशा कुटुंबापुढे उभे राहून संसार हा भवसागरच आहे, त्यातून मन काढा, एवढेच सांगणे सोपे आहे. शब्द परिचित असल्याने श्रोता मानही डोलवील. परंतु त्यामुळे त्याचे पडलेले घर व वाहून गेलेले पीक देवाच्या दृष्टीने गौण ठरते, आणि शुभवर्तमान तसे म्हणत नाही. तसेच पूर हा अमक्या गावाच्या पापाचे फळ आहे असे म्हणण्याचा अधिकारही आपणांस नाही. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्यांविषयी प्रभूने असा निष्कर्ष नाकारला.

स्टीफन्सप्रमाणे आपणही लोकांचा शब्द घ्यावा. भवसागर हा शब्द टाळण्याचे कारण नाही. मात्र तो घेतल्यावर कथा पूर्ण सांगावी: तारणारा काठावर उभा नाही, तो नावेत आहे, आणि ज्या काठाला नाव लागते तेथे शेजारी आहे, चिखल भरलेले घर आहे, पुन्हा पेरावयाचे शेत आहे. प्रकटीकरणातील समुद्ररहित पृथ्वीची आशा याच पृथ्वीच्या नवीकरणाची आशा होय. ज्या धर्मशिक्षकाने त्या ऑगस्टनंतर मंडळीबरोबर चिखल उपसला असेल, त्याने गालीलच्या वादळाचा पाठ उघडला तर लोक तो नीट ऐकतील, असा आमचा विश्वास आहे.